पिल्लाची भूक आणि स्वयंपाकघरातला काटा



गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्या कॅल्गरीच्या घरी मांजराचे एक पिल्लू आले. माझी नात वर्गमैत्रिणीच्या शेतावर, स्ट्रॅथमोरच्या बाजूला, सुट्टीच्या दिवशी गेली होती. तिथल्या गोठ्यात मांजरी व्यालेली. थंडी उणे वीसकडे चाललेली, आणि पिल्ले एवढीएवढीशी. नात त्यातले एक आपल्या स्वेटरात गुंडाळून घरी घेऊन आली. वय नऊ आठवडे, रंग राखाडी, वजन 900 ग्रॅम. दुसऱ्याच दिवशी रॉकीच्या डोंगरांकडून चिनूकचा उबदार वारा सुटला आणि अंगणातले बर्फ वितळू लागले, म्हणून त्याचे नावही चिनूकच ठेवले.

हा चिनूक सदा भुकेला. वाटी चाटूनपुसून रिकामी करायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा पायांत घोटाळत ओरडायचा. फ्रिज उघडला की हजर, पिशवी वाजली की हजर. घरात मोठ्या मांजरांचे दाणे आणले होते. त्यातले दोन मोठे चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, असा माझ्या मुलीचा हिशोब. एवढ्याशा जिवाला आणखी किती लागणार, असे तिला वाटले. मला मात्र त्याचे ओरडणे बघवेना. मुलगी कामावर गेली की मी त्याला बशीत दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी द्यायची. मुलीला कळले तेव्हा ती म्हणाली, "आई, दूध देऊ नकोस गं, इथे कोणी देत नाही." मी म्हटले, "मांजराला दूध नाही, तर मग कोणाला?"

दोन आठवड्यांनी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पाठीचा कणा हाताला लागणारा, शी पातळ. वजन भरले 960 ग्रॅम. दोन आठवड्यांत जेमतेम 60 ग्रॅम वाढ! निरोगी पिल्लू एवढ्या काळात साधारण 200 ग्रॅम वाढते. म्हणजे आम्ही दोघी त्याला चारत होतो आणि ते उपाशी राहत होते. आमच्या पत्रिकेच्या वाचकांपैकी मुंबई-ठाण्यात, दिमोना-अश्दोदमध्ये किंवा इकडे कॅनडात कोणाच्या घरी असे पिल्लू आले, तर आमची चूक त्यांच्याकडून होऊ नये म्हणून जे शिकले ते सविस्तर लिहिते.

गावचे मांजर आणि इथले मांजर

अलिबागकडच्या माझ्या लहानपणी मांजराला मोजून खायला घातल्याचे मी पाहिले नाही. आई मासळी साफ करायला बसली की मांजर शेजारी येऊन बसे. त्याला डोकी, शेपट्या, आतडी मिळत. बाकीचे ते स्वतः मिळवी. भाताच्या कणगीजवळचे उंदीर, पाली, अंगणातले किडे. एका लहान उंदरातून मांजराला सुमारे 30 कॅलरी मिळतात, तेव्हा पोट भरायला मोठ्या मांजराला दिवसाला आठ-दहा उंदीर लागतात. म्हणजे मांजराची जातच मुळी दिवसातून पुष्कळ वेळा थोडे थोडे खाणारी. दोन वेळा ताटावर बसणे ही माणसाची रीत.

इथे कॅल्गरीत हिवाळ्यात पिल्लू दाराबाहेर टिकणार नाही. ते बंद घरात राहते. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास आपल्या हातून जातो. आपण कमी दिले तर भरून काढायला उंदीर नाही, चुकीचे दिले तर सुधारायला दुसरे काही नाही. गावी मोजावे लागत नव्हते, कारण मांजर स्वतःचे स्वतः बघत होते. इथे मोजणे आपल्यावर आले. इस्राएलमधल्या फ्लॅटमध्ये किंवा मुंबईच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराचीही हीच गोष्ट.

एवढी भूक का?

जन्मतः पिल्लू सुमारे 100 ग्रॅमचे असते. पहिले पाच-सहा महिने ते दर महिन्याला साधारण 450 ग्रॅम वाढते, म्हणजे आठवड्याला सुमारे 100 ग्रॅम. हाडे, दात, स्नायू सगळे एकदमच तयार होत असते, आणि उरलेल्या वेळात पडद्यावर चढणे चालू असते.

डॉक्टरीणबाईंनी हिशोब असा समजावला. नुसते पडून राहायला शरीराला जेवढी शक्ती लागते तिला विश्रांतीची गरज म्हणू. एक किलोच्या मांजराची ती सुमारे 70 कॅलरी असते, दोन किलोच्याची 118, तीन किलोच्याची 160 आणि चार किलोच्याची 198. (पाकिटावर जिला किलोकॅलरी लिहितात, तीच ही कॅलरी.) वाढत्या पिल्लाला याच्या अडीच पट लागते. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला फक्त 1 ते 1.2 पट पुरते.

आता गंमत बघा. साडेचार महिन्यांचे दोन किलोचे पिल्लू दिवसाला 250 ते 290 कॅलरी मागते, आणि चार किलोच्या मोठ्या बोक्याला 200 ते 240 पुरतात. अर्ध्या वजनाचे पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त खाते! त्यामुळे "लहान आहे, थोडेच लागेल" हा आपला अंदाज उलटा आहे. आमच्या चिनूकला त्या वयात दिवसाला 175 ते 200 कॅलरी हव्या होत्या. मुलीचे चार चमचे काट्यावर ठेवले तेव्हा ते 30 ग्रॅम भरले, म्हणजे जेमतेम 110 कॅलरी. तो हावरट नव्हता. तो खरेच सांगत होता.

मग द्यायचे किती?

पिल्लांच्या कोरड्या दाण्यांत एका ग्रॅमला साधारण 4 कॅलरी असतात. डब्यातल्या ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते, म्हणून 85 ग्रॅमच्या लहान डब्यातून 70 ते 100 कॅलरीच मिळतात. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, तो पाकिटावर बघून घ्यावा. त्यावरून दिवसभराचा अंदाज असा:

1 किलो (सुमारे 10 ते 11 आठवडे): 175 ते 200 कॅलरी. नुसते दाणे असतील तर 45 ते 50 ग्रॅम. किंवा ओल्याचा एक लहान डबा आणि 25 ग्रॅम दाणे.

1.5 किलो (सुमारे साडेतीन महिने): 235 कॅलरीच्या आसपास. दाणे 60 ग्रॅम. किंवा एक डबा आणि 38 ग्रॅम दाणे.

2 किलो (सुमारे साडेचार महिने): 250 ते 290 कॅलरी. दाणे 65 ते 72 ग्रॅम. किंवा एक डबा आणि 45 ते 50 ग्रॅम दाणे.

3 किलो (सात महिन्यांच्या आसपास): 300 कॅलरीच्या आसपास. दाणे 75 ग्रॅम. इथून पुढे वाढ मंदावते आणि आकडा वर जायचा थांबतो.

हे दिवसभराचे माप, एका वेळचे नव्हे. चार महिन्यांपर्यंत याचे चार भाग करावेत, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन-तीन. एक किलोच्या पिल्लाचे पोट लहान, एकदम घातले तर उलटी होते. दिवसभर घरी कोणी नसेल तर एका भागाचे दाणे वाटीत ठेवून जावे. ओले खाद्य मात्र तासाभरात उचलावे.

चमच्याने आणि कपाने मोजू नका. दाण्यांचा आकार बदलला की कपातले वजन बदलते, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. पोळीची कणीक मोजायला जो डिजिटल काटा स्वयंपाकघरात असतो, तोच घ्यावा. आम्ही सकाळी दिवसाचे दाणे मोजून एका डब्यात ठेवतो. घरातल्या कोणीही द्यायचे तर त्याच डब्यातून. तो संपला की दिवस संपला. यामुळे "मी दिले नाही, तिने दिले असेल" हा गोंधळ मिटला.

पाकिटावर काय बघावे

कॅनडात प्राण्यांच्या खाद्यात पोषण किती असावे याची सरकारी सक्ती नाही. इथले बहुतेक उत्पादक अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेची मापे पाळतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात एक वाक्य असते. त्यात हे खाद्य 'वाढीसाठी' किंवा 'आयुष्याच्या सर्व टप्प्यांसाठी' पूर्ण आहे असे लिहिलेले हवे. फक्त मोठ्या मांजरांसाठी लिहिले असेल तर ते पिल्लासाठी नाही. या मापांप्रमाणे पाण्याचा अंश वगळून वाढत्या पिल्लाच्या खाद्यात निदान 30 टक्के प्रथिने लागतात, मोठ्यांच्या खाद्यात 26 टक्के. आमची पहिली चूक हीच होती. पुढच्या चित्रावर मांजर बघितले आणि पिशवी उचलली.

दूध-पोळीचे काय झाले?

आता माझी चूक. आईचे दूध सुटले की मांजराच्या पोटातला दूध पचवणारा रस कमी होत जातो. गाईचे दूध मग आतड्यात तसेच राहते, आंबते आणि जुलाब होतात. जुलाबाबरोबर आधी खाल्लेलेही वाहून जाते. वर पोळीने पोट भरते, पण तिच्यात मांजराला लागणारे फारसे काही नसते. त्यामुळे माझी बशी त्याची भूक भागवत नव्हती, वाढवत होती.

मांजर मुळातच मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर हृदय दुबळे होते, हे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले आणि त्यानंतर तयार खाद्यात तो वाढवण्यात आला. गाजरासारख्या भाजीपासून 'अ' जीवनसत्त्वही मांजराच्या शरीरात तयार होत नाही.

म्हणून नुसते मांस द्यावे का? तेही नाही. हाडाशिवायच्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असतो. महिनाभर नुसती कोंबडी खाणाऱ्या पिल्लाची हाडे ठिसूळ होऊन उडी मारतानाही मोडू शकतात. उकडलेल्या, मीठ न घातलेल्या कोंबडीचा तुकडा कधीतरी कौतुकाने द्यावा, पण दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नये. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. खारवलेली सुकी मासळीही पिल्लाला नको, मीठ फार.

पाणी मात्र सदैव हवे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर, त्यामुळे त्याला तहान कमी कळते. कॅल्गरीत हिवाळ्यात हीटर चालू असला की घरातली हवा इतकी कोरडी होते की आपलेही ओठ फुटतात. दिवसातून एक भाग तरी ओले खाद्य द्यावे आणि पाण्याची वाटी खाण्यापासून थोडी दूर ठेवावी.

पोटात दुसरे कोणी जेवत असेल तर

शी तपासली तेव्हा चिनूकच्या पोटात जंत निघाले. गोठ्यातल्या, रस्त्यावरच्या पिल्लांत हे नेहमीचेच. गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात. खूप भूक, फुगलेले पोट, त्याखाली हडकुळे अंग आणि निस्तेज केस, ही त्यांची खूण. अशा वेळी खाणे वाढवून उपयोग नाही, आधी औषध. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचे औषध देण्याची पद्धत आहे. औषध वजनावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांकडूनच घ्यावे. कुत्र्याचे किंवा माणसाचे औषध अंदाजाने देऊ नये. हे जंत माणसाला, विशेषतः लहान मुलांना लागू शकतात. लिटरचा डबा रोज साफ करावा आणि हात साबणाने धुवावेत.

ओरडण्यावर नव्हे, हातावर विश्वास

ओरडणे हे माप नव्हे, ही मला पटलेली मुख्य गोष्ट. उपाशी पिल्लू ओरडते, जंत झालेले ओरडते, कंटाळलेले ओरडते, आणि ओरडल्यावर खाऊ मिळतो हे शिकलेलेही ओरडते. चौघांचा आवाज सारखाच. फरक कळतो तो तीन गोष्टींवरून.

पहिली, वजन. दर रविवारी सकाळी काट्यावर भांडे ठेवून, काटा शून्यावर आणून, पिल्लाला त्यात बसवावे आणि आकडा वहीत लिहावा. सहा महिन्यांपर्यंत आठवड्याला सुमारे 100 ग्रॅम वाढ होत असेल तर पोटाला पुरते आहे. दोन आठवडे वाढ त्याच्या निम्म्याहून कमी असेल तर माप वाढवावे आणि डॉक्टरांना विचारावे.

दुसरी, बरगड्या. आपला पंजा सरळ ठेवून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवा. पिल्लाच्या बरगड्या तशा लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर बोटांची हाडे जशी टोचतात तशा लागल्या तर ते हडकुळे. तळहाताच्या मऊ भागासारखे लागून बरगड्या शोधाव्या लागल्या तर ते लठ्ठ होऊ लागले.

तिसरी, शी. घट्ट, आकार असलेली असेल तर अन्न अंगी लागते आहे.

तिन्ही ठीक असतील आणि तरी ते ओरडत असेल, तर वीस-तीस मिनिटे थांबावे. पोट भरल्याचे कळायला थोडा वेळ लागतो. जेवणाआधी दोरी-चेंडू घेऊन दहा मिनिटे खेळवावे; शिकार, मग जेवण, मग झोप, हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे.

पण काही गोष्टींत थांबू नये. तीन महिन्यांखालचे पिल्लू अर्धा दिवस काही खात नसेल, अंग गार किंवा गलितगात्र वाटत असेल, वारंवार उलट्या होत असतील, शीमध्ये रक्त दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावे. एवढ्या लहान जिवात साठा काही नसतो. खर्चाची अडचण असेल तर संकोच करू नये. कॅल्गरीत 'पॅराशूट्स फॉर पेट्स'सारखी संस्था अडचणीतल्या कुटुंबांना प्राण्यांचे खाद्य पुरवते.

सहा महिन्यांनंतर उलटे

औषध, पिल्लांचे खाद्य आणि चार वेळा जेवण सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत चिनूक 960 ग्रॅमवरून 1 किलो 350 ग्रॅमवर गेला. सहा महिन्यांचा झाला तेव्हा 2 किलो 900. त्याची नसबंदी झाली (या बाबतीत धर्मशास्त्राचा प्रश्न येतो, ज्याने त्याने आपल्या राबींना विचारावे) आणि आमची दुसरी परीक्षा सुरू झाली. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज मात्र साधारण पाचव्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त, कमी होते. मागच्या अनुभवाने घाबरलेल्या आम्ही वाटी भरतच राहिलो. दिवसाला 80 ग्रॅम दाणे जात होते. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा वजन 4 किलो 300 आणि वरून पाहिले तर कंबर नाही! मग दर आठवड्याला थोडे थोडे कमी करत 65 ग्रॅमवर आणले. आता वर्ष झाले, 4 किलो 500 वर स्थिर आहे, आणि मोठ्या मांजरांचे खाद्य सुरू केले आहे.

खाद्य बदलताना एकदम बदलू नये. सात ते दहा दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. आपल्या घरांत हे पेसाखच्या वेळी आठवावे. बऱ्याच दाण्यांत गहू, बार्ली किंवा ओट असतात. सणासाठी दुसरे खाद्य आणायचे असेल तर ते आदल्या रात्री न आणता दोन आठवडे आधी आणावे, म्हणजे सणाच्या दिवसांत पोट बिघडणार नाही.

तालमुदच्या बराखोत भागात ज्ञानी लोकांनी सांगितले आहे की आपल्या जनावराला चारल्याशिवाय माणसाने स्वतः जेवू नये. त्याला आधार दवारीमच्या 11 व्या अध्यायाचा: तिथे आधी गुरांच्या गवताचा उल्लेख आहे, मग माणसाच्या पोटभर जेवणाचा. माझी आजी मासळी साफ करताना मांजराचा वाटा आधी बाजूला काढायची, तो बहुधा याच संस्काराने. मीही आधीच चारत होते. काय आणि किती, एवढे मात्र मला शिकावे लागले.

चिनूक अजूनही पहाटे पाचला माझ्या दाराशी ओरडतो. मी उठते, बरगड्यांवरून हात फिरवते, वहीतला रविवारचा आकडा आठवते आणि परत झोपते. सातला डबा उघडतो.